वर्गात पेंगणाऱ्या मुलाचा श्वास कोण तपासणार?

शाळेच्या प्रगतिपुस्तकावरचा एक शेरा आमच्या वस्त्यांतील आईबापांना पाठ झालेला आहे. ‘अभ्यासात लक्ष नाही. वर्गात पेंगतो.’ शेरा लिहिला की गुरुजींचे काम संपते. बाप तो शेरा कुणाकडून तरी वाचून घेतो आणि त्याला एकच औषध सुचते, ते म्हणजे मार. पुढे पोरगे नापास होते, मागच्या बाकावर जाते आणि एक दिवस शाळेतूनच बाहेर पडते. हे मूल रात्री नीट झोपते का, झोपेत त्याचा श्वास अडतो का, हा प्रश्न या सगळ्या प्रवासात एकदाही विचारला जात नाही. शाळा विचारत नाही, तपासणीला येणारे सरकारी पथक विचारत नाही आणि दहा मिनिटांत शंभर रुग्ण उरकणारा डॉक्टरही विचारत नाही. वरवर पाहता हा विषय वैद्यकाचा आहे आणि आम्ही पडलो कायद्याची माणसे. तरीही आज आम्ही तो येथे मांडतो आहोत, कारण आमच्या मते हा शिक्षणाच्या हक्काचा प्रश्न आहे आणि तो डॉक्टरांवर सोडून देऊन चालणार नाही.

मोठे माणूस घोरले की आपण हसतो. लहान मूल घोरले की कौतुकाने म्हणतो, खेळून दमला, गाढ झोपला. वास्तविक रोज रात्री घोरणारे मूल गाढ झोपलेलेच नसते. नाकाच्या मागच्या बाजूला, टाळूच्या वर अॅडिनॉईड नावाची गाठ असते. लोक तिला ‘नाकाचे मांस’ म्हणतात. घशात दोन बाजूंना टॉन्सिल असतात. साधारण दोन ते आठ वर्षांच्या वयात या गाठी श्वासाच्या वाटेच्या मानाने मोठ्या असतात आणि सतत सर्दी-पडशाने आणखी सुजतात. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडले की आधीच अरुंद असलेली वाट मिटते. मूल छाती आत ओढून श्वास घेऊ पाहते, हवा जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घुसमटून एक मोठा श्वास घेतला जातो. मग पुन्हा तेच. डॉक्टर या आजाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया म्हणतात. मोठ्या माणसाचा श्वास तासाला पाच वेळा अडला तर आजार मानतात, मुलाचा तासाला एकाहून अधिक वेळा अडला तरी तो आजार ठरतो. दर शंभर मुलांमागे एक ते पाच मुलांना तो असतो असे बालरोगतज्ज्ञांचे अनुमान आहे. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात एखाद-दोघे तरी असे असणारच.

प्रौढ रुग्ण दिवसा झोपाळतो. मुलाचे मात्र पुष्कळदा उलट होते. ते चिडचिडे होते, एका जागी बसत नाही, हाणामारी करते, सांगितलेले विसरते. काही मुले मात्र पेंगतात. मोठे झाले तरी अंथरूण ओले करतात, सकाळी डोके दुखते म्हणतात, तोंड उघडे ठेवून श्वास घेतात आणि खाऊन-पिऊनही अंगाला लागत नाही. गाढ झोपेत शरीर वाढीचे संप्रेरक सोडते आणि ती झोपच मोडत राहिली तर वाढ कशी होणार? आजार तीव्र असेल आणि वर्षानुवर्षे तसाच राहिला तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो.

हे ज्ञान काही काल-परवाचे नाही. बाबासाहेबांच्या जन्माच्या दोन वर्षे आधी, १८८९ साली, विल्यम हिल नावाच्या डॉक्टरने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुलांच्या तथाकथित मठ्ठपणाची कारणे मांडली होती. तोंडाने श्वास घेणारे, रात्री घोरणारे, डोकेदुखीने बेजार झालेले, शाळेत आळशी ठरवले गेलेले मूल शाळेच्या डॉक्टरांनी मुद्दाम तपासावे असा त्यांचा आग्रह होता. १९७६ साली अमेरिकेत ख्रिश्चन गिलमिनो यांनी आठ मुलांचा अभ्यास करून लहान मुलांतील हा आजार आधुनिक वैद्यकाच्या भाषेत मांडला. आणि १९९८ साली डेव्हिड गोझल यांनी तर थेट शाळेतच शोध घेतला. पहिलीच्या वर्गांतील गुणांत तळाच्या दहा टक्क्यांत असलेली २९७ मुले त्यांनी तपासली. त्यातल्या ५४ मुलांना, म्हणजे जवळजवळ अठरा टक्क्यांना, झोपेत श्वासाचा बिघाड निघाला. त्यांपैकी २४ मुलांच्या टॉन्सिल व अॅडिनॉईड काढल्या गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचे गुण वाढले. ज्यांच्या पालकांनी उपचार केले नाहीत त्यांचे गुण होते तेथेच राहिले.

वाचकहो, ‘तळाचे दहा टक्के’ हे शब्द नीट लक्षात घ्या. आपल्याकडे त्या तळाला कोण बसलेले असते हे आम्ही सांगायला नको. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या त्या बाकावरच्या मुलाची जात मोजली, त्याची ‘कुवत’ मोजली, त्याच्या रक्तातला रात्रीचा ऑक्सिजन मात्र कुणी मोजला नाही. प्रत्येक मागे पडलेले मूल या आजाराचे असते असे आमचे म्हणणे अजिबात नाही. उपासमार आहे, रक्तक्षय आहे, बेकार शिक्षण आहे, भेदभाव तर आहेच. पण ज्या मुलाच्या बाबतीत कारण घशात आहे आणि उपाय उपलब्ध आहे, त्याला ‘ढ’ ठरवून मोकळे होणे हा गुन्हा नव्हे तर काय?

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी उत्तर नागपुरातील एका वस्तीतून एक बाई आली होती. मुलाला शिक्षकाने वर्गात झोपला म्हणून मारले, त्याची तक्रार तिला करायची होती. तक्रार लिहून घेता घेता आम्ही सहज विचारले, रात्री झोपत नाही काय? बाई म्हणाली, “साहेब, हा रातभर बसूनच झोपते. आडवा झाला का नरडं दाबल्यावानी होते. मी उशाशी बसून राह्यतो.” आठ वर्षांच्या पोराची आई तीन वर्षे त्याच्या उशाशी बसून होती आणि तिने हे कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते. विचारले तेव्हा तिने श्रीमंतांच्या घरी कधी कळले नसते इतके बारकावे सांगितले. एका खोलीत सहा माणसे झोपतात तेव्हा कुणाचा श्वास कधी अडतो हे सगळ्यांनाच कळते, स्वतंत्र बेडरूममध्ये झोपणाऱ्या मुलाच्या आईबापांना ते कळत नाही. गरिबीचा एवढा एकच फायदा आम्हाला या प्रकरणात दिसला. पुढे त्या मुलाची तपासणी झाली तेव्हा टॉन्सिल तर सुजलेल्या होत्याच, शिवाय सिकलसेल निघाला.

येथून विषय खास आपल्या घरचा होतो. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण गोंड, माडिया, परधान आदी आदिवासींत आणि अनुसूचित जातींत, त्यातही पूर्वाश्रमीच्या महारांत म्हणजे आजच्या बौद्धांत, फार मोठे आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल पीडित जन्मण्याची शक्यता चारात एक असते. या आजारात तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन सदोष असते आणि ऑक्सिजन कमी झाला की ते चिकटून पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यातून हाडांच्या असह्य वेदना, छातीतील गंभीर गुंतागुंत, कधी लहान वयात पक्षाघात. आता हे दोन्ही एकत्र करून पाहा. ज्या मुलाच्या शरीरात ऑक्सिजन उतरताच पेशी वाकड्या होतात, त्याचाच श्वास रात्रभर अडत असेल तर? लंडनच्या डॉक्टरांनी २००१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की सिकलसेलच्या ज्या मुलांचा रात्रीचा ऑक्सिजन कमी असतो त्यांना पुढे मेंदूच्या गुंतागुंतीचा धोका अधिक असतो. सिकलसेलच्या मुलांत झोपेतल्या श्वासाचा आजार इतर मुलांपेक्षा जास्त आढळतो हेही नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये सिकलसेलच्या मुलाला तपासताना घोरण्याविषयी विचारणे हा कामाचा भाग मानला जातो. आपल्याकडे कार्ड हातात देतात, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या देतात आणि पुढच्या महिन्यात या म्हणतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट सांगितले गेले. मोहिमेचा रोख आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे, आदिवासी बांधवांचा हक्क आधी आहे. पण विदर्भातील बौद्ध वस्त्यांत तोच आजार त्याच रक्तातून वाहतो आहे, याची दखल तितक्याच ठसठशीतपणे का घेतली जात नाही? आणि तपासणी झाल्यावर पुढे काय? ‘तुम्हाला आजार आहे’ एवढे सांगणे म्हणजे उपचार नव्हे.

कायदा याबाबतीत शासनाच्या पुढे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. त्याच कायद्याचे कलम २५ म्हणते की दिव्यांगांना, विशेषतः ग्रामीण भागात, राहत्या ठिकाणाच्या जवळपास मोफत आरोग्यसेवा मिळावी (उत्पन्नाची मर्यादा शासनाने ठरवायची), आणि सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करून धोक्यातील मुले हुडकून काढावीत. जवळपास हा शब्द कायद्यात आहे, आम्ही घातलेला नाही. गडचिरोलीच्या पोराला रात्रीच्या श्वासाच्या तपासणीसाठी मुंबईला जा म्हणणे या शब्दात कसे बसते, हे कुणी तरी शपथपत्रावर सांगावे.

वर्षातून एकदा तपासणी होत नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही केंद्राची योजना २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथून सुरू झाली. तिची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात. जन्मतःचे दोष, कमतरता, बालपणीचे आजार, विकासातील विलंब अशा तीस बाबींची यादी त्यांच्या हाती असते. त्या यादीत शिकण्यातील अडचण आहे, चंचलता-अवधानाचा विकार आहे, दम्यासारखा श्वसनमार्गाचा आजार आहे, डाऊन सिंड्रोम आणि फाटलेली टाळूही आहे. घोरणे मात्र त्यात नाही. म्हणजे झोपेअभावी बिथरलेले मूल ‘चंचल’ म्हणून किंवा ‘शिकण्यात मंद’ म्हणून नोंदले जाईल, त्याला समुपदेशकाकडे पाठवले जाईल, आणि मूळ कारण घशातच राहील! अमेरिकन बालरोग अकादमी २००२ पासून सांगत आली आहे की प्रत्येक मुलाच्या नेहमीच्या तपासणीत ते घोरते का हे विचारावे. डाऊन सिंड्रोमच्या मुलाची तर चार वर्षांचे होण्याआधी झोपेची तपासणी करावी असे तेथील डॉक्टरांना सांगितलेले असते. प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही, निविदाही काढावी लागत नाही. कदाचित म्हणूनच कुणाला त्यात रस नसावा.

प्रश्न विचारल्यावर मात्र तज्ज्ञ लागतो, आणि खरी अडचण येथे आहे. लहान मुलांच्या फुप्फुसांचे व झोपेचे शास्त्र ही वेगळी विद्या आहे. बालरोगाचे पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर डी.एम. करावे लागते. दिल्लीचे एम्स, चंदीगढची पीजीआय अशा मोजक्या संस्थांत हा अभ्यासक्रम आहे आणि जागा बोटांवर मोजता येतील इतक्या आहेत. तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. मुलाला आईसोबत रात्रभर रुग्णालयात झोपवतात, डोक्याला, छातीला, बोटाला, नाकाला तारा लावून मेंदूच्या लहरी, श्वास, ऑक्सिजन, हृदयाचे ठोके असे सगळे एकाच वेळी नोंदवतात. ते वाचणारा माणूस मुलांचे निकष जाणणारा हवा. प्रौढांच्या प्रयोगशाळेत प्रौढांच्या निकषाने वाचले तर आजारी मूल निरोगी ठरून घरी जाते. आपल्या राज्यात मुलांसाठीची अशी सोय मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत आणि त्यातही बहुतांशी खाजगी आहे.

तज्ज्ञ हवा तो केवळ आजार शोधायला नव्हे, नको असलेली शस्त्रक्रिया टाळायलाही. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांत सामान्य झाली. पण ज्यांना नुसते लक्ष ठेवून थांबवले त्यांतीलही ४६ टक्के मुले आपोआप सुधारली. शस्त्रक्रिया झालेल्यांची झोप, वागणूक आणि एकूण जगणे सुधारले, मात्र अवधानाच्या परीक्षेत फार फरक पडला नाही. याचा अर्थ असा की चाकू हे प्रत्येकाचे उत्तर नव्हे आणि तो कुणासाठी आहे हे ठरवायला जाणकार डोळा लागतो. नाही तर एका टोकाला उपचाराविना घुसमटणारे मूल आणि दुसऱ्या टोकाला योजनेचे पॅकेज वसूल करण्यासाठी कापलेले मूल, अशी अवस्था येते. ही दुसरी भीती निराधार नाही, योजनांतले गैरव्यवहार आम्ही कोर्टात पाहतो.

शिवाय ही शस्त्रक्रिया वाटते तितकी किरकोळ नाही. तीन वर्षांखालचे मूल, तीव्र आजाराचे मूल, सिकलसेलचे मूल यांना शस्त्रक्रियेनंतर रात्रभर देखरेखीत ठेवावे लागते. सिकलसेलच्या मुलाला भूल देण्याआधी रक्त देण्याचा विचार करावा लागतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी कोडीन दिलेल्या काही मुलांचा श्वास थांबून मृत्यू झाल्यावर २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याविरुद्ध सर्वांत कडक इशारा दिला. या गोष्टी गल्लीतल्या नर्सिंग होमला माहीत असतीलच असे नाही. आईने विचाराव्यात. विचारणे हा तिचा हक्क आहे.

दम्याचीही अवस्था फार वेगळी नाही. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी तब्बल बेचाळीस टक्के भारतात होतात, असा जागतिक अंदाज आहे. रोग आहे तेवढा, मरण तिप्पट. कारण उघड आहे. दम्याचे खरे औषध म्हणजे श्वासातून घ्यायचा पंप, आणि आपल्याकडे पंपाची ‘सवय लागते’ ही अफवा घरोघरी बसलेली आहे. मुलगी असेल तर पुढे लग्न जमणार नाही म्हणून पंप लपवतात. त्याऐवजी मिळते काय, तर बाटलीतले गोड औषध. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या सीमेला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक बालकांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. त्यातील अनेकांना अखेरच्या उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्यानंतर केंद्राने पुन्हा एकदा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांपर्यंत सहसा टाळावीत. दोष कारखान्याचा आणि औषध नियंत्रकांचा तर आहेच, पण मुळात प्रत्येक खोकणाऱ्या मुलाच्या तोंडात बाटली ओतण्याची वेळ का येते? छाती ऐकून हा दमा आहे, हा संसर्ग आहे, हे सांगणारा माणूस जवळ नाही म्हणून. पंपाला लहान मुलांसाठी स्पेसर नावाची नळी लागते. ती परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला भोक पाडून केलेला स्पेसरही तितकाच चालतो, हे दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९९९ साली चाचणी घेऊन सिद्ध केले आहे. कसा करायचा हे प्रत्येक आशाताईला एका दुपारात शिकवता येईल.

हवेचे काय? चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ सालीच देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत वरच्या क्रमांकावर बसवले होते. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंट आणि त्या साऱ्यांच्या सावलीतल्या वस्त्या. तेथील मुलाला पंप देऊन त्याच हवेत परत पाठवणे म्हणजे गळक्या घरात पोछा मारणे. लंडनमधील एला अडू-किसी-डेब्रा या नऊ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीचा २०१३ साली दम्याने मृत्यू झाला. ती वर्दळीच्या रस्त्यालगत राहत होती, पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल होत होती, तज्ज्ञ तिला तपासत होते. हवेविषयी मात्र तिच्या आईला कुणी काही सांगितले नाही. आई लढली, आधीचा निष्कर्ष रद्द करवून घेतला आणि २०२० च्या डिसेंबरात मृत्यूची पुन्हा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने वायुप्रदूषण हे मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदवले. मृत्यूच्या कागदावर हवेचे नाव लिहून घेणारी ती आई वकील नव्हती, शिक्षिका होती. चंद्रपूरच्या किती मृत्यूंच्या कागदांवर हवेचे नाव आले आहे?

शासन म्हणेल, योजना आहेत. आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती रुग्णालयात दाखल होऊन केलेल्या उपचारांवर बेतलेली. महिनोन्‌महिने घरी रात्री वापरायचे श्वासाचे यंत्र, त्याचा मुखवटा, पुन्हा पुन्हा करायची तपासणी त्या चौकटीत बसत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे स्वागतार्हच. पण तो निर्णय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांसाठी नव्हता, आणि तज्ज्ञ असतात ते तेथेच. धर्मादाय रुग्णालयांचे तर विचारूच नका. कलम ४१-कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या आहेत. खाट मिळते, पण यंत्र आणि तपासणीचा प्रश्न आला की ‘ते योजनेत नाही’ असे उत्तर येते. ते लेखी द्या म्हटले की बरेचदा आवाज खाली येतो.

पैसा नाही हे कारण तर न्यायालयाने केव्हाच फेटाळले आहे. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठवले होते. त्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि आर्थिक अडचण हा बचाव होऊ शकत नाही. जगण्याचा हक्क म्हणजे श्वास घेण्याचा हक्क, यापेक्षा सरळ अर्थ आम्हाला तरी सुचत नाही.

आमची मागणी अवास्तव नाही. प्रत्येक तालुक्यात झोपेची प्रयोगशाळा उभारा असे आम्ही म्हणत नाही. कोरोनानंतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गावोगाव पोहोचला. रात्रभर नोंद साठवणारा ऑक्सिमीटर प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ठेवायला काय हरकत आहे? त्या नोंदीत ऑक्सिजनचे वारंवार उतार दिसले तर आजार जवळजवळ नक्की समजता येतो आणि ते मूल रांगेत पुढे घेता येते. नोंद चांगली आली तरी आजार नाहीच असे मात्र म्हणता येत नाही, त्यामुळे लक्षणे असतील तर पुढे पाठवावेच लागेल. सावळ्या त्वचेवर आणि सिकलसेलच्या रक्तात हे यंत्र फसू शकते, हेही तेथील डॉक्टरला ठाऊक हवे. पुढे पाठवायला नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मुलांच्या श्वास व झोपेच्या आजारांचा पूर्ण विभाग हवा, त्यात मंजूर पदे हवीत आणि ती भरलेली हवीत. सिकलसेलच्या कार्डावर घोरण्याची, तोंडाने श्वास घेण्याची आणि अंथरूण ओले करण्याची नोंद करणारी एक ओळ छापावी. घरी वापरायची यंत्रे योजनेत आणावीत.

शासन हे आपणहून करणार नाही, ते आपल्याला करवून घ्यावे लागेल. आपल्या वस्त्यांतील शिकलेल्या मुला-मुलींनी, शिक्षकांनी, विहारात आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या मंडळांनी साखर आणि रक्तदाब तपासण्यावर समाधान मानू नये. घरोघरी एवढेच विचारावे की पोर आठवड्यातून तीन-चार रात्री घोरते का, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटतो का, मान मागे टाकून किंवा बसून झोपते का. उत्तर होय असेल तर मोबाईलवर झोपेतल्या मुलाचे दोन मिनिटांचे चित्रण करून ठेवावे, छाती उघडी दिसेल असे. डॉक्टरपुढे मूल जागे असते, तेव्हा काहीच दिसत नाही, ते चित्रण दिसते.

आणि बाल स्वास्थ्याचे पथक यंदा शाळेत येईल तेव्हा एक अर्ज तयार ठेवावा. मुलाचे नाव, इयत्ता, लक्षणे, सिकलसेलची तपासणी झाली असल्यास तिचा निकाल आणि कलम २५ चा उल्लेख. पथकप्रमुखाच्या नावे द्यावा, एक प्रत मुख्याध्यापकांना, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना. पोच घ्यावी, पोचेवर तारीख आणि शिक्का घ्यावा. तीस दिवसांत काही हालचाल झाली नाही तर माहितीच्या अधिकारात त्याच अर्जाचे काय झाले ते विचारावे. तोंडी उत्तर कुणीही घेऊ नये.